मुंबई–नागपूर विमानप्रवास: ६८३ किलोमीटरला दीड तास का लागतो?

प्रश्न थोडक्यात असा आहे. मुंबई ते नागपूर हे हवाई अंतर एका ठिकाणी ३६९, दुसऱ्या ठिकाणी ४२४ आणि तिसऱ्या ठिकाणी ६८३ असे दाखवले जाते, त्यांपैकी खरे कोणते? विमानाचा वेग ताशी साडेआठशे किलोमीटर धरला तर हे अंतर पन्नास मिनिटांच्या आत संपायला हवे. मग तिकिटावर दीड तास किंवा त्याहून अधिक वेळ का छापलेला असतो? आणि शेवटचा, खऱ्या निकडीचा भाग हा, की मुलीच्या प्रवेशाच्या कागदपत्र पडताळणीसाठी सकाळी ११ वाजता नागपुरात हजर राहायचे असेल, तर त्याच दिवशी सकाळच्या विमानाने निघावे की आदल्या दिवशीच जाऊन राहावे?

मी अनेक वर्षे विमान कंपनीच्या उड्डाण-नियोजन कक्षात डिस्पॅचर म्हणून काम केले आहे. विमान कोणत्या मार्गाने जाईल, किती उंचीवरून जाईल, वारा कसा असेल आणि त्यासाठी किती इंधन भरावे लागेल, हे उड्डाणापूर्वी ठरवून फ्लाइट प्लॅन कॅप्टनच्या सहीसाठी तयार करणे हे आमचे काम. त्यामुळे अंतर आणि वेळ यांचा हिशेब रोजच्या रोज करावा लागतो, आणि त्यातून एक गोष्ट पक्की कळते: देशांतर्गत छोट्या सेक्टरवर, म्हणजे दोन विमानतळांमधल्या एका उड्डाणाच्या टप्प्यावर, अंतर हा प्रवासाच्या वेळेचा वाटतो तितका महत्त्वाचा घटक नसतो. वेळ ठरते ती दोन टोकांना. आपला प्रश्न अंतराचा वाटत असला, तरी मुळात तो या दोन टोकांचा आहे.

आधी त्या तीन आकड्यांचा गुंता सोडवू. ३६९, ४२४ आणि ६८३ हे तिन्ही आकडे बरोबर आहेत आणि तिन्ही एकच अंतर सांगतात. विमानवाहतुकीत अंतर सागरी मैलांत मोजतात; एक सागरी मैल म्हणजे १,८५२ मीटर. त्या हिशेबाने मुंबई–नागपूर ३६९ सागरी मैल होते, रस्त्यावरच्या साध्या मैलांत तेच ४२४ भरते आणि किलोमीटरमध्ये ६८३. एकक न लिहिता नुसता आकडा दिल्यामुळे गोंधळ होतो. हे अंतर सांताक्रूझच्या विमानतळापासून नागपूरच्या सोनेगाव विमानतळापर्यंत, पृथ्वीच्या गोलाव्यावरून मोजलेले सर्वांत जवळचे अंतर आहे. काही ठिकाणी शहराच्या मध्यापासून शहराच्या मध्यापर्यंत मोजतात, म्हणून पाच-दहा किलोमीटरचा फरक दिसू शकतो. त्याकडे दुर्लक्ष करावे. तुलनेसाठी सांगायचे तर समृद्धी महामार्गाची लांबी ७०१ किलोमीटर आहे, आणि इगतपुरी ते आमणे हा शेवटचा टप्पा जून २०२५ मध्ये खुला झाल्यापासून तो सलग वापरता येतो. म्हणजे रस्ता आणि सरळ हवाई रेषा यांत इथे आश्चर्य वाटावे इतका कमी फरक उरला आहे. भुसावळ–अकोल्यावरून जाणारा रेल्वेमार्ग मात्र सव्वाआठशे किलोमीटरहून लांब आहे.

विमान मात्र ही सरळ रेषा जशीच्या तशी कधीच पकडत नाही. मुंबईच्या विमानतळावर एकमेकींना छेदणाऱ्या दोन धावपट्ट्या आहेत, आणि त्या छेदत असल्यामुळे दोन्हींवर एकाच वेळी मोकळेपणाने विमाने सोडता येत नाहीत. व्यवहारात बहुतेक वाहतूक मुख्य, म्हणजे पूर्व-पश्चिम धावपट्टीवरूनच चालते. विमान शक्यतो समोरून येणाऱ्या वाऱ्याला तोंड देत उडते आणि उतरते. मुंबईत वर्षाचा बहुतेक काळ वारा समुद्राकडून येतो, त्यामुळे उड्डाण पश्चिमेकडे होते. नागपूर पूर्वेला आहे. म्हणजे आपले विमान कुर्ला-घाटकोपरच्या बाजूने धावायला सुरुवात करते, जुहूच्या दिशेने समुद्रावर जाते, ठरावीक उंची गाठते आणि मग वळून पुन्हा मुंबई ओलांडून सह्याद्रीकडे निघते. खिडकीजवळ बसलेल्या प्रवाशाला पहिली काही मिनिटे समुद्र दिसतो आणि नंतर खाली पुन्हा शहर येते, ते यामुळेच. या वळणात जे अंतर जाते ते नकाशावरच्या ६८३ मध्ये कुठेच नसते.

पुढे वाटेतही थोडे इकडेतिकडे होते. देवळाली आणि अहिल्यानगर परिसरात लष्कराच्या सरावाची क्षेत्रे आहेत, आणि तेथे गोळीबाराचा सराव चालू असताना ठरावीक उंचीपर्यंतचा हवाई पट्टा बंद ठेवला जातो. त्याची सूचना नोटॅमद्वारे, म्हणजे वैमानिक आणि नियोजकांसाठी काढल्या जाणाऱ्या अधिकृत सूचनापत्राद्वारे, आधी मिळते आणि मार्ग आखताना ती पाहावीच लागते. नागपूरजवळ पोहोचल्यावर तेथील धावपट्टी वायव्य-आग्नेय अशी आहे. वारा कोणत्या बाजूचा आहे त्यानुसार विमान पश्चिमेकडून जवळजवळ सरळ आत जाऊ शकते, किंवा शहराला वळसा घालून दुसऱ्या टोकाकडून उतरते. हे सगळे मिळून प्रत्यक्ष उडालेले अंतर सरळ रेषेपेक्षा साधारणपणे चाळीस ते सत्तर किलोमीटरने वाढते.

आता वेगाकडे येऊ, कारण खरी चूक तेथे होते. ताशी ८३० ते ८५० किलोमीटर हा एअरबस ए-३२० किंवा बोईंग ७३७ यांचा वेग पूर्ण उंची गाठल्यानंतरचा आहे. धावपट्टी सोडताना विमान ताशी सुमारे अडीचशे ते तीनशे किलोमीटरच्या दरम्यान असते. दहा हजार फुटांच्या खाली २५० नॉट, म्हणजे ताशी ४६३ किलोमीटर, ही सर्वसाधारण वेगमर्यादा असते. तेहतीस-पस्तीस हजार फुटांपर्यंत चढायला सुमारे वीस मिनिटे लागतात आणि तेवढ्या वेळात विमान जेमतेम दोनशे किलोमीटर पुढे गेलेले असते. उतरण्याचे गणित आम्ही ढोबळमानाने असे करतो की दर हजार फुटांसाठी तीन सागरी मैल हवेत. म्हणजे तेहतीस हजार फुटांवरून उतरायला शंभर सागरी मैल, जवळजवळ १८५ किलोमीटर, आणि वेग कमी करण्यासाठी त्यात आणखी थोडी भर. म्हणजे नागपूरच्या दोनशे किलोमीटर आधीच, अकोला मागे पडते न पडते तोच, विमान उतरू लागते.

६८३ मधून चढाईचे दोनशे आणि उतरण्याचे दोनशे वजा केले की पूर्ण वेगाने जाण्यासाठी उरतात सुमारे २८० किलोमीटर, म्हणजे वीस मिनिटे. चहा-पाणी वाटण्यासाठी केबिन क्रूची एवढी धावपळ का होते, हेही यावरून लक्षात येईल. चढाईची वीस, वरची वीस, उतरण्याची वीस ते पंचवीस आणि दोन्ही टोकांच्या वळणांची काही मिनिटे धरली, की हवेतला वेळ सव्वातासाच्या थोडा आत, सामान्यतः ६५ ते ७० मिनिटे होतो. पन्नास मिनिटांचा हिशेब येथेच कोलमडतो.

वाऱ्याबद्दल पुष्कळ जण विचारतात. जाताना आणि येताना वेळ वेगळी का, याचे उत्तर वारा हेच दिले जाते, आणि लांबच्या प्रवासात ते खरेही आहे. हिवाळ्यात उत्तर भारतावरून उंच थरात पश्चिमेकडून पूर्वेकडे जोरदार वारे वाहतात आणि त्यांची दक्षिणेकडची कड नागपूरच्या अक्षांशापर्यंत जाणवते; त्यामुळे डिसेंबर ते फेब्रुवारीत नागपूरला जाताना वारा पाठीशी असतो. पावसाळ्यात चित्र उलटते. जून ते सप्टेंबर या काळात द्वीपकल्पावर फार उंचीवरून पूर्वेकडून पश्चिमेकडे वाहणारा वाऱ्याचा झोत तयार होतो, ज्याचा अभ्यास भारतीय हवामानशास्त्रज्ञ पी. कोटेश्वरम यांनी १९५० च्या दशकात मांडला, आणि विमानाच्या उंचीवरही त्याचा काही अंश मिळतो. तेव्हा नागपूरहून मुंबईला येणे सोपे होते आणि जाणे जड. पण या सेक्टरवर त्याने किती फरक पडतो ते पाहा. पन्नास नॉटचा वारा पाठीशी असेल तर वरचे २८० किलोमीटर सुमारे १८ मिनिटांत जातात आणि तोच समोरून असेल तर सुमारे २३ मिनिटे लागतात. चढाई आणि उतरण्यातला परिणाम धरूनही सगळा फरक सात-आठ मिनिटांच्या पुढे सहसा जात नाही. मुंबई–कोलकाता या १,६६० किलोमीटरच्या प्रवासात हाच वारा जाण्या-येण्यात वीस मिनिटांचा फरक सहज पाडतो. छोट्या सेक्टरवर त्याला दोष देण्यात अर्थ नाही.

मग तिकिटावरचा उरलेला वेळ कुठे जातो? तर जमिनीवर. तिकिटावर छापलेली सुटण्याची वेळ ही विमान उडण्याची वेळ नसते, आणि पोहोचण्याची वेळ ही चाके धावपट्टीला टेकण्याची नसते. विमान पार्किंगच्या जागेवरून चाकांखालचे चोक्स, म्हणजे अडसर, काढून हलते तेथपासून, दुसऱ्या विमानतळावर उभे राहून चोक्स लागेपर्यंतचा सगळा काळ त्यात धरलेला असतो. त्याला आम्ही ब्लॉक टाइम म्हणतो. मुंबईत पुशबॅक झाल्यावर, म्हणजे विमान जागेवरून मागे ढकलल्यावर, इंजिने सुरू करणे, टॅक्सीवेवरून, म्हणजे धावपट्टीकडे नेणाऱ्या रस्त्यावरून, तिच्या पूर्व टोकाशी पोहोचणे आणि तेथे आधीच्या विमानांच्या मागे उभे राहणे यात पंधरा ते पंचवीस मिनिटे जाणे नित्याचे आहे. मधूनच उतरणाऱ्या विमानांना जागा द्यावी लागते, कारण धावपट्टी एकच वापरात असते आणि मुंबई हे अशा प्रकारे चालणाऱ्या जगातील सर्वांत गजबजलेल्या विमानतळांपैकी एक आहे. नागपूरला उतरल्यावर मात्र पाच मिनिटांत विमान जागेवर लागते. म्हणजे हवेतली ६५-७० मिनिटे आणि जमिनीवरची २०-३० मिनिटे. दीड तास इथे पुरा होतो.

परतीच्या प्रवासात हीच गोष्ट उलट्या क्रमाने घडते. नागपूरला पुशबॅकनंतर काही मिनिटांत उड्डाण होते, मुंबईत पूर्वेकडून येणाऱ्या विमानाला धावपट्टी जवळजवळ समोरच मिळते, त्यामुळे समुद्रावरचा वळसाही वाचतो. पण मुंबईच्या आभाळात रांग असते. कधी विमानाला वाटेतच वेग कमी करायला सांगतात, कधी रडारवरून थोडे डावीकडे-उजवीकडे फिरवून अंतर राखतात, तर कधी ठरावीक जागी घिरट्या घालत थांबावे लागते. गर्दीच्या वेळी भारतीय विमानतळ प्राधिकरणाची वाहतूक-प्रवाह नियंत्रण व्यवस्था नागपूरलाच उड्डाणाचा नेमका स्लॉट देते, म्हणजे हवेत इंधन जाळत थांबण्याऐवजी विमान जमिनीवर थांबते. प्रवाशाला तो निव्वळ खोळंबा वाटतो. प्रत्यक्षात त्याने इंधनही वाचते आणि आभाळातली गर्दीही आटोक्यात राहते, म्हणून मी स्वतः या पद्धतीच्या पूर्ण बाजूने आहे.

या सगळ्यात कंपनी आणखी काही मिनिटांची ढिलाई मुद्दाम ठेवते, हेही सांगायला हवे. विमान छापील वेळेपासून १५ मिनिटांच्या आत असेल तर ते वेळेवर धरले जाते आणि विमान कंपन्यांच्या वक्तशीरपणाचे आकडे नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाच्या मासिक अहवालात प्रसिद्ध होतात. त्यामुळे वेळापत्रक आखताना गर्दीच्या दिवसाचा ब्लॉक टाइम धरण्याकडे कल असतो. एखाद्या दिवशी विमान वीस मिनिटे आधी पोहोचते ते वैमानिकाने वेग वाढवल्यामुळे नव्हे. त्या दिवशी ही ढिलाई वापरावी लागली नाही, एवढाच त्याचा अर्थ. काही जण याला फसवणूक म्हणतात. मला ते पटत नाही, कारण प्रवाशाला जोडविमान किंवा काम गाठायचे असते आणि त्याला कधीतरी खरी ठरणाऱ्या वेळेपेक्षा बहुतेकदा पाळता येणारी वेळच उपयोगी पडते.

इतर कोणत्याही दोन विमानतळांसाठी अंदाज हवा असेल तर मी वापरतो तो ठोकताळा सांगतो. किलोमीटरमधल्या सरळ अंतराला ताशी ८०० ने भागावे, त्यात चढ-उतार आणि वळणे यांची २० मिनिटे मिळवावीत, की हवेतला वेळ मिळतो. मोठे, गर्दीचे विमानतळ असेल तर जमिनीवरची आणखी २० ते २५ मिनिटे मिळवली, की तिकिटावरच्या आकड्याच्या जवळ पोहोचतो. मुंबई–नागपूरसाठी ५१ अधिक २० अधिक २०-२५ म्हणजे सुमारे ९५ मिनिटे. मुंबई–दिल्लीचे सरळ अंतर सुमारे १,१४० किलोमीटर. ८५ अधिक ४५ म्हणजे दोन तास दहा मिनिटे. हा ठोकताळा जेट विमानांसाठी आहे. पंख्याच्या एटीआर ७२ विमानाचा वेग ताशी पाचशेच्या आसपास असतो, त्यामुळे त्या विमानाने हाच प्रवास अर्ध्या तासाने लांबतो. तिकीट काढताना विमानाचा प्रकार पाहून घ्यावा. दोन-तीनशे किलोमीटरच्या अगदी छोट्या सेक्टरला मात्र हा हिशेब लावू नये, कारण तेथे विमान पूर्ण उंची गाठतच नाही.

आता ११ वाजताच्या पडताळणीकडे. येथे ब्लॉक टाइमही पुरेसा नाही; घराच्या दारापासून पडताळणी केंद्राच्या दारापर्यंतचा वेळ मोजला पाहिजे, आणि तो आपण मुंबईत कुठे राहता यावर फार अवलंबून आहे. देशांतर्गत प्रवासात चेक-इन साधारणपणे सुटण्याच्या एक तास आधी बंद होते आणि गेट वीस-पंचवीस मिनिटे आधी. सामान सोपवायचे असेल तर दीड ते दोन तास आधी टर्मिनलवर असावे. अंधेरी किंवा पार्ल्याहून निघणाऱ्याला हे सोपे आहे. डोंबिवली-बदलापूरहून निघणाऱ्याला पहाटेच्या विमानासाठी मध्यरात्रीनंतर लगेच घर सोडावे लागते. भुयारी मेट्रो ३ दोन्ही टर्मिनलना जोडते, पण भल्या पहाटे ती सुरू झालेली नसते. आणखी एक गोष्ट, जी आता फार महत्त्वाची झाली आहे: मुंबईत टर्मिनल १ आणि टर्मिनल २ वेगवेगळ्या ठिकाणी आहेत, आणि नवी मुंबईचा विमानतळही सुरू झाला आहे. तिकिटावर ‘मुंबई’ वाचून निघू नये. कोणता विमानतळ आणि कोणते टर्मिनल ते आदल्या रात्री पुन्हा पाहावे. नागपूरच्या बाजूला मात्र फारसा त्रास नाही. विमानतळ शहराला लागून आहे, शहराच्या मध्यातले सीताबर्डी आठ-नऊ किलोमीटरवर आहे आणि सामान घेऊन बाहेर पडल्यापासून पाऊण तासात शहरात बहुतेक ठिकाणी पोहोचता येते.

समजा विमान सहाच्या सुमारास सुटते. साडेसात-पावणेआठला ते नागपुरात लागते, सव्वाआठला आपण बाहेर असता आणि नऊपर्यंत केंद्राजवळ. हाताशी दोन तास उरतात. आठच्या विमानाने गेल्यास हे दोन तास राहत नाहीत आणि एखादा स्लॉटचा उशीरही पडताळणी चुकवू शकतो. म्हणून त्याच दिवशी जायचे असेल तर पहिलेच विमान घ्यावे, असे मी ठामपणे सांगेन. त्यामागे नुसती वेळेची बाब नाही. एकच विमान दिवसभरात पाच-सहा सेक्टर करते आणि प्रत्येक फेरीतला उशीर पुढच्या फेरीवर चढतो; दुपारनंतरच्या वेळापत्रकात सकाळपासूनचा उशीर साचलेला असतो. पहाटेचे पहिले विमान बहुतेक वेळा रात्रीच मुंबईत येऊन उभे असते, त्यामुळे त्याला कोणाची वाट पाहायची नसते. क्रूची विश्रांती किंवा तांत्रिक बिघाड अशी कारणे उरतातच, पण साचलेला उशीर तरी नसतो.

एवढे असूनही दोन परिस्थितींत मी आदल्या दिवशी जाण्याचाच सल्ला देईन. पहिली म्हणजे पावसाळा, विशेषतः जुलै-ऑगस्ट. मुंबईत जोराचा पाऊस सुरू झाला आणि दृश्यमानता घसरली, की उतरणाऱ्या विमानांमधले अंतर वाढवले जाते, काहींना अहमदाबाद किंवा गोव्याकडे वळवावे लागते आणि तासाभरात सगळे वेळापत्रक विस्कटते. प्रवेशप्रक्रिया नेमकी याच महिन्यांत असते. दुसरी म्हणजे पडताळणीची तारीख बदलून मिळणार नसेल तर. अशा वेळी एका रात्रीच्या मुक्कामाचा खर्च आणि मुलीची जागा यांची तुलनाच होऊ शकत नाही. आदल्या रात्रीची मुंबई–नागपूर दुरांतोही चांगला पर्याय आहे. ती सकाळी सात-साडेसातच्या सुमारास पोहोचते आणि उशीर झाला तरी ११ पर्यंत बराच अवधी राहतो. तिकीट मात्र वेळेत काढलेले हवे.

परतीचे तिकीट त्याच दिवशीचे काढणार असाल तर संध्याकाळी सातच्या पुढचे काढा, कारण पडताळणी कधी आटोपेल ते आपल्या हाती नसते. निघण्याच्या दिवशी दुपारी, आपल्याला न्यायला येणारे विमान त्याआधी कुठे आहे ते कंपनीच्या ॲपवर किंवा विमानांचा मागोवा दाखवणाऱ्या कोणत्याही संकेतस्थळावर पाहा. ते विमान मुंबईहून उडालेले दिसले, की आपल्या सुटण्याच्या वेळेबद्दल जवळजवळ निश्चिंत राहता येते, कारण नागपुरात प्रवासी उतरवून पुन्हा भरायला तीस-चाळीस मिनिटे पुरतात. ते अजून तिसऱ्याच शहरात उभे असेल, तर सूचनाफलकावर ‘वेळेवर’ लिहिलेले असले तरी उशीर होणार हे धरून चालावे आणि जेवण शहरातच उरकून मग विमानतळावर जावे.